बंद कारखान्याच्या जागी विद्यापीठाचे संशोधन संकुल : फायदा नेमका कोणाला?

मोनकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये राहायला येऊन मला चौदा वर्षे झाली. मोनोंगहेला नदीला इथे सगळे 'मॉन' एवढेच म्हणतात, त्यावरूनच माझे हे सदस्यनाम. या नदीच्या काठी हेझलवूड नावाची जुनी कामगार वस्ती आहे, आणि वस्ती व नदी यांच्यामध्ये १७८ एकरांची एक लांबट सपाट पट्टी आहे. या पट्टीवर जोन्स अँड लॉफलिन कंपनीचा पोलाद कारखाना आणि कोकभट्ट्या होत्या. कंपनी पुढे एलटीव्ही या उद्योगसमूहाकडे गेली आणि १९९८ मध्ये कोकभट्ट्याही बंद पडल्या. २००२ मध्ये हाइन्झ, मेलन वगैरे चार धर्मादाय प्रतिष्ठानांनी एकत्र येऊन ही सगळी जमीन सुमारे १ कोटी डॉलरला विकत घेतली. आज तिचे नाव 'हेझलवूड ग्रीन' आहे.

गेल्या महिन्यात माझे मामा मुंबईहून आले होते. त्यांनी लालबागच्या एका गिरणीत, त्रासनखात्यात (सूतकताईच्या विभागात), बावीस वर्षे काढलेली आहेत. त्यांना मी हौसेने 'मिल १९' दाखवायला नेले. ही १९४३ ची रोलिंग मिल सुमारे चारशे मीटर लांब आहे. तिचे पत्रे आणि भिंती काढून टाकल्या, पोलादी सांगाडा तसाच ठेवला आणि त्या सांगाड्याच्या पोटात काचेच्या नव्या इमारती बांधल्या. वर छपराच्या जागी ४,७०० हून अधिक सौर पट्ट्या आहेत. २०१९ पासून तिथे कार्नेगी मेलन विद्यापीठाचे उत्पादनविषयक संशोधन चालते आणि कारखान्यांतल्या यंत्रमानवांवर काम करणारी एक राष्ट्रीय संस्थाही तिथेच आहे. गंजलेल्या खांबांवर जुन्या रंगाचे पोपडे अजून दिसतात, आणि पाऊस पडला की सांगाड्यावरून ओघळणारे पाणी खालच्या बागेत जाते. मामांनी मान वर करून सगळे शांतपणे पाहिले आणि मग एकच विचारले, "इथली माणसं आता कुठं कामाला जातात रे?"

मला उत्तर देता आले नाही. अशा संकुलांचा फायदा त्या जागेवर घाम गाळलेल्या वस्तीला होतो का, की जागा तीच राहते आणि माणसे बदलतात? आपापल्या शहरातले अनुभव जरूर लिहावेत.

सडेतोड

मोनकाठ, प्रश्न चांगला आहे, पण उत्तर तुम्हाला आवडणार नाही. विद्यापीठ हे रोजगार हमी केंद्र नव्हे. पोलाद कारखान्याला हजारो हात लागत असत, प्रयोगशाळेला शंभर-दोनशे डोकी लागतात, आणि ती डोकी बहुधा बाहेरगावची असतात. पण पर्याय कोणता होता, हेही विचारात घ्यायला हवे. १७८ एकर जमीन तशीच पडून राहिली असती तर हेझलवूडच्या रहिवाशांना त्यातून काय मिळाले असते? अर्ध्या भाकरीला उपाशी म्हणू नये.

काकू_ठाण्याच्या

अर्धी भाकरी खरी, सडेतोड, पण ती कोणाच्या ताटात पडली हाच तर धाग्याचा प्रश्न आहे. :)

साचेवाला

माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात (विणकामाच्या विभागात) होते, त्यामुळे मामांचा प्रश्न मला घरचाच वाटला. पिट्सबर्गचे वर्णन वाचताना सर्वांत जास्त लक्ष वेधले ते जमीन कोणी घेतली या एका वाक्याने, कारण बाकीचे सगळे तिथूनच ठरत जाते.

गिरणगावात जमीन मालकांकडेच राहिली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि अनेक गिरण्या त्यानंतर नीट उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने ढोबळमानाने तीन वाटेकरी ठरवले : मोकळ्या जागांसाठी महापालिका, घरांसाठी म्हाडा आणि उरलेला मालकाचा हिस्सा. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि हा हिस्सा सगळ्या जमिनीवर न मोजता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीवर मोजायचे ठरले. गिरणीचा बहुतेक भाग शेडखाली असल्यामुळे वाटायला उरले किती, हे वेगळे सांगायला नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. या तीन वाटेकऱ्यांत विद्यापीठ कुठेच नव्हते. १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झालेली व्हीजेटीआय ही तर गिरण्यांच्या गरजेतूनच वाढलेली संस्था, पण ती १९२३ मध्येच माटुंग्याला गेली होती, आणि गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या तेव्हा तिची आठवण कोणाला झाल्याचे मला तरी स्मरत नाही.

वडिलांच्या गिरणीच्या जागी आज उंच काचेची इमारत आहे. चिमणी राखली आहे आणि रात्री तिच्यावर दिवे सोडतात.

अर्धवटराव

साचेवाला, चिमणीवर दिवे सोडण्याची कला सगळ्या जगाला एकदमच सुचलेली दिसते.

अवांतर : हाइन्झ म्हणजे केचपवालेच ना? म्हणजे पोलादाची जमीन टोमॅटोच्या पैशातून सुटली म्हणायची.

मोनकाठ

अर्धवटराव, होय, तेच हाइन्झ. आणि दिव्यांचे म्हणाल तर इथून नदीकाठाने थोडे वर गेल्यावर होमस्टेड लागते. तिथला यू. एस. स्टीलचा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, आणि त्याच्या जागेवर आता मोठा बाजार आणि चित्रपटगृह आहे. चित्रपटगृहाजवळ जुन्या बारा चिमण्या ओळीने उभ्या आहेत. १८९२ च्या टाळेबंदीत ज्या ठिकाणी कामगार आणि कंपनीने आणलेले पहारेकरी यांच्यात गोळीबार झाला, ते ठिकाण या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

साचेवाला यांनी जमिनीच्या मालकीचा जो मुद्दा मांडला, त्याची परीक्षा इथे एकाच कंपनीच्या तीन तुकड्यांवर पाहता येते. मी सायकलने ज्या 'हॉट मेटल ब्रिज'वरून कामावर जातो, त्याच्यावरून पूर्वी झोतभट्टीतले वितळलेले लोखंड एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या पोलाद भट्ट्यांकडे नेत असत. पुलाच्या उत्तरेकडे जिथे त्या झोतभट्ट्या होत्या, तिथे शहराच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले आणि दोन्ही मोठी विद्यापीठे तिथे आली. दक्षिणेकडच्या जागेवर दुकाने, उपाहारगृहे, सदनिका आणि कार्यालये आली. आणि तिसरा तुकडा म्हणजे हे हेझलवूड. कंपनी एक आणि नदीही एक, पण जमीन ज्याच्या हाती पडली त्याप्रमाणे प्रत्येक तुकड्याचे नशीब वेगळे निघाले.

प्रतिष्ठानांना नफ्याची घाई नव्हती, म्हणून त्यांनी पहिल्या येईल त्या बिल्डरला जमीन विकली नाही. पण त्या वाट पाहण्यात सतरा वर्षे गेली, आणि ही वाट वस्तीनेही पाहिली. १९६० च्या सुमारास हेझलवूडची लोकसंख्या १३,००० च्या घरात होती, आज ती निम्म्याहूनही कमी आहे. मधल्या काळात वस्तीतले किराणा दुकानसुद्धा बंद पडले.

मृद्गंध_७

मी दूषित जमिनींच्या शुद्धीकरणाचेच काम करते, म्हणून एक मुद्दा मांडते जो अशा चर्चांत सहसा येत नाही.

कोकभट्टीत दगडी कोळसा हवेशिवाय तापवतात. त्यातून कोक मिळतो, पण बरोबर डांबर, बेंझीन, अमोनिया, सायनाइडची संयुगे असा सगळा गोतावळाही निघतो. अनेक दशके गळती झाली की हे सगळे जमिनीत मुरते आणि काही भाग भूजलापर्यंत पोहोचतो. अशी जमीन 'स्वच्छ' करणे म्हणजे सगळी माती उपसून दुसरीकडे नेणे, असा सर्वसाधारण समज आहे, पण तसे क्वचितच करतात. पेनसिल्व्हेनियाने १९९५ मध्ये केलेला कायदा, ज्याला आमच्या व्यवसायात 'ॲक्ट टू' म्हणतात, जागेचा पुढचा वापर कोणता होणार आहे हे पाहून किती शुद्धी पुरेशी आहे हे ठरवण्याची मुभा देतो. जिथे लहान मूल अंगणात माती घेऊन खेळणार आहे तिथले निकष वेगळे, आणि जिथे प्रौढ माणूस दिवसाचे आठ तास काँक्रीटच्या जमिनीवर उभा राहणार आहे तिथले निकष वेगळे असतात. उरलेल्या मातीवर स्वच्छ मातीचा थर द्यायचा किंवा फरसबंदी करायची, विहीर खोदण्यास मनाई करायची आणि ही बंधने जमिनीच्या कागदपत्रांत कायमची नोंदवून ठेवायची, असा हा मार्ग आहे.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. प्रयोगशाळा आणि कार्यालये यांच्यासाठी जमीन तयार करणे घरांपेक्षा स्वस्त पडते. म्हणून जगभर अशा जागांवर आधी संशोधन केंद्र येते, आणि परवडणारी घरे आराखड्याच्या शेवटच्या टप्प्यात ढकलली जातात. त्यामागे नेहमीच कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही, पुष्कळदा मातीच्या चाचणीचा अहवालच तो क्रम ठरवून टाकतो.

काकू_ठाण्याच्या

मृद्गंध, फार उपयुक्त माहिती दिलीत. आमच्या ठाण्यात रासायनिक कारखान्यांच्या जागांवर थेट तीस-तीस मजली घरे उभी राहताना पाहिली आहेत, आणि मातीची चाचणी हा शब्द माहितीपत्रकात कधी वाचल्याचे आठवत नाही. तिथे फक्त 'निसर्गाच्या कुशीत' असे लिहिलेले असते.

शेफील्डकरीण

मी इंग्लंडमधल्या शेफील्डचा अनुभव लिहिते, कारण तो थोडा वेगळा आहे.

ऑरग्रीव्ह हे नाव इथल्या कोणत्याही साठीच्या माणसासमोर उच्चारून पाहावे. १८ जून १९८४ ला खाणकामगारांच्या संपात तिथल्या कोक कारखान्याबाहेर पोलीस आणि कामगार यांच्यात जी चकमक झाली, तिची जखम अजून भरलेली नाही. तिथली खाण त्याआधीच बंद झाली होती, पुढे कोक कारखानाही गेला. २००१ मध्ये शेफील्ड विद्यापीठ आणि बोइंग यांनी मिळून प्रगत उत्पादन संशोधन केंद्र सुरू केले, ते त्याच परिसरात वाढले. विमानाचे सुटे भाग कापण्याच्या पद्धतींवर तिथे काम चालते. शेजारी वेव्हर्ली नावाची नवी वसाहत झाली आहे.

मला महत्त्वाचे वाटते ते हे की संशोधन केंद्राबरोबरच तिथे प्रशिक्षण केंद्रही आहे. शाळा संपवलेली सोळा-सतरा वर्षांची मुले तिथे उमेदवारी करतात. नोकरी देणारी कंपनी त्यांना पगार देते, आणि ती विद्यापीठाच्या केंद्रात यंत्रावर शिकतात. माझ्या शेजारणीचे वडील खाणीत होते. तिचा मुलगा आता तिथे पाच अक्षांच्या मिलिंग यंत्रावर शिकतो आहे. पहिल्या महिन्यात तो घरी ॲल्युमिनियमचा एक छोटा बुद्धिबळातला हत्ती घेऊन आला होता, स्वतः कापलेला, आणि तिने तो दिवाणखान्यात वडिलांच्या खाणीतल्या दिव्याशेजारी मांडला आहे. एका घराचे उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते. पण पदवी नसलेल्या मुलाला आत जाण्यासाठी एक दार ठेवलेले आहे, आणि ते आराखड्यातच ठेवलेले आहे.

सडेतोड

शेफील्डकरीण, तुमचा मुद्दा मान्य. पण बोइंगसारखी एक मोठी कंपनी पाठीशी असली की असे दार ठेवता येते. जिथे नवउद्योगच आणायचे आहेत, तिथे ते स्वतःच दोन वर्षांत टिकतील की नाही हे माहीत नसते. ते उमेदवार कुठून घेणार?

अर्धवटराव

नवउद्योगांच्या बाबतीत स्वानुभव सांगतो. पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेने आपल्या जुन्या कार्यशाळेचे नवउद्योग केंद्र केले, तेव्हा मी तिथे आठ महिने होतो. मूळ कार्यशाळेत चांगली चालणारी लेथ यंत्रे होती. ती भंगारात काढली, कारण पाहुण्यांना दाखवताना ती 'जुनाट' दिसत असत. त्या जागी रंगीत गुबगुबीत आसने आणि टेबल टेनिसचे टेबल आले. आमच्या यंत्राचा एक शाफ्ट वळवून घ्यायला मला रोज भोसरीला जावे लागे, आणि तो वळवून देणारे काका कोण, तर त्याच कार्यशाळेतून निवृत्त झालेले प्रशिक्षक! टेबल टेनिस मात्र माझे बरेच सुधारले.

ॲडलेडचा_अण्णा

अर्धवटराव, हसू आवरले नाही. आमच्याकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉन्सली येथे मित्सुबिशीचा मोटार कारखाना २००८ मध्ये बंद झाला. राज्य सरकारने जमीन घेतली आणि मुख्य जुळणी शेडचे अवाढव्य छप्पर राखून त्याच्याखाली रस्ते, झाडे आणि इमारती केल्या. फ्लिंडर्स विद्यापीठ तिथे आले, आणि आपल्या आयटीआयच्या जवळची म्हणता येईल अशी 'टेफ' ही सरकारी व्यवसाय प्रशिक्षण संस्थाही आली. नळजोडणी शिकणारी मुले आणि अभियांत्रिकीचे संशोधक एकाच छपराखाली कॉफीच्या रांगेत उभे असतात. रांगेच्या पुढे त्यांचे एकमेकांशी काही बोलणे होते का, हे मात्र मी खात्रीने सांगू शकत नाही.

साचेवाला

सडेतोड यांच्या आधीच्या 'पर्याय कोणता होता' या प्रश्नाकडे परत येतो. पर्याय नव्हता असे म्हणणे सोपे असते, कारण पर्याय ठरवणाऱ्या टेबलाशी कामगार बसलेला नसतो. मोनकाठ, हेझलवूडच्या लोकांना या आराखड्यात काही म्हणायला मिळाले का?

मोनकाठ

बैठका पुष्कळ झाल्या, आणि त्यांतून काही गोष्टी बदलल्याही. पण एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे.

हेझलवूड ग्रीन आणि शहरातल्या ओकलंड या भागातली विद्यापीठे यांच्यामध्ये अंतर थोडे असले तरी मध्ये टेकडी आणि दरी आहे. २०१५ मध्ये असा प्रस्ताव पुढे आला की उद्यानातून आणि दरीतल्या एका छोट्या वस्तीतून दोन्ही टोके जोडणारा, लहान प्रवासी गाड्यांसाठीचा मार्ग काढावा. त्या वस्तीला इथे 'द रन' म्हणतात. जोराचा पाऊस झाला की तिथे गटारे तुंबतात आणि पाणी लोकांच्या तळघरांत शिरते. लोकांचे म्हणणे साधे होते : आमच्या घरात पाणी येते त्यासाठी पैसा नाही, आणि संशोधकांना दहा मिनिटे लवकर पोहोचवण्यासाठी आहे? हेझलवूडच्या अनेकांनीही त्यांना साथ दिली, कारण त्यांना हव्या होत्या नेहमीच्या बसच्या जास्त फेऱ्या. सात वर्षे हा वाद चालला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत नव्या महापौरांनी प्रकल्प रद्द केला.

मी स्वतः सुरुवातीला त्या मार्गाच्या बाजूने होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. नकाशावर तो फार सुबक दिसत होता.

अर्धवटराव

मध्यंतरी त्याच जागेवर चालकविरहित मोटारींच्या चाचण्या झाल्याचे वाचले होते. आधी कामगार गेले, मग चालकही गेला. आता प्रवाशालाही घरीच बसवले की जोडमार्गाचा वाद आपोआप मिटेल.

सडेतोड

अर्धवटराव, चाचण्या झाल्या होत्या, उबरचा सराव मार्ग तिथे होता. आणि साचेवाला, तुमचा टेबलाचा मुद्दा मी मान्य करतो. पण मग कराचेही बोला. अमेरिकेत ना-नफा विद्यापीठाच्या शैक्षणिक मालमत्तेवर सहसा मालमत्ता कर लागत नाही, आणि तिथल्या शाळा तर बऱ्याच अंशी त्याच करावर चालतात. म्हणजे कारखान्याच्या जागी विद्यापीठ आले की वस्तीचे नाव होते, पण शाळेची तिजोरी तशीच राहते. मोनकाठ, यावर तुमच्याकडे काय चालले आहे?

मोनकाठ

हा वाद पिट्सबर्गमध्ये जुनाच आहे. इथली सर्वांत मोठी रुग्णालये आणि विद्यापीठे ना-नफा असल्यामुळे शहराला त्यांच्याकडून किती मिळावे, यावर प्रत्येक निवडणुकीत बोलले जाते. २०२१ मध्ये मेलन प्रतिष्ठानाने पिट (युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग) विद्यापीठाला हेझलवूड ग्रीनवर जैवऔषधांच्या उत्पादनाचे केंद्र उभारण्यासाठी १० कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, आणि कार्नेगी मेलनलाही मोठी देणगी मिळाली, ज्यातला काही भाग याच जागेवरच्या यंत्रमानव केंद्रासाठी होता. जमिनीच्या मूळ किमतीच्या दहापट रक्कम एका इमारतीसाठी आली, तेव्हा आमच्या शेजारच्या आजींनी विचारले होते की एवढ्यात एक किराणा दुकान बसणार नाही का.

जैवऔषधांच्या केंद्राबद्दल मला थोडी आशा आहे, कारण पेशींपासून औषधे बनवण्याच्या कामात निर्जंतुक खोलीत हातांनी काटेकोर काम करणारे तंत्रज्ञ लागतात आणि त्या प्रत्येकाला पीएचडीची गरज नसते. शेफील्डकरीण यांनी सांगितलेले दार इथे ठेवता येईल. ते ठेवतील का, हे पाहायचे.

मृद्गंध_७

आणि मामांच्या प्रश्नाचे काय? आपण सगळे जमीन, कर, माती यांवर बोललो, पण मूळ प्रश्न माणसांचा होता.

मोनकाठ

मृद्गंध, बरोबर आहे. काल मी हा सगळा धागा मामांना फोनवर वाचून दाखवला. तासभर गेला. १९९८ मध्ये जे शेवटचे कामगार बाहेर पडले, ते आज बहुतेक सत्तरीच्या आसपास असतील. त्यांतले कितीतरी वस्ती सोडून गेले, आणि त्यांच्यासाठी हे संकुल वीस वर्षे उशिरा आले, हे मी त्यांना सरळ सांगितले. ते म्हणाले, "मग नातवांचं बघा."

मग त्यांनी दुसरेच काढले. म्हणाले, "शेड ठेवली ते चांगलं केलं. पण फाटक कुठं होतं ते मला दिसलं नाही. आम्ही बदलीवाले सकाळी फाटकावर उभे राहायचो. आज काम आहे की नाही, ते तिथंच कळायचं." मी म्हटले, आता फाटक नाही, रस्ता सरळ आत जातो, कोणीही सायकल घेऊन जाऊ शकतो. त्यावर ते म्हणाले, "आपण गेलो तेव्हा त्या काचेच्या दारावर सगळे गळ्यातलं कार्ड लावत होते की."

साचेवाला

मामांना माझा नमस्कार सांगा. ती कार्डे कोणाला मिळाली आहेत याचा हिशोब कोणी ठेवते का? मिल १९ मध्ये काम करणाऱ्यांपैकी किती जण हेझलवूडमध्ये राहतात, एवढा एक आकडा मिळाला तरी धाग्याच्या शीर्षकाचे निम्मे उत्तर मिळेल.

मोनकाठ

पुढच्या सार्वजनिक बैठकीत हाच प्रश्न लेखी देतो. पिनकोडनुसार माहिती मागावी असे मनात आहे, म्हणजे नावे उघड करण्याचा प्रश्न येणार नाही. एकच अडचण आहे : हेझलवूडचा पिनकोड १५२०७ आणि आमच्या टेकडीवरच्या ग्रीनफील्डचाही तोच. आमच्या गल्लीतच कार्नेगी मेलनचे तीन संशोधक राहतात, तेव्हा पिनकोड पुरणार नाही, रस्त्यांची यादीच जोडावी लागेल.